दंडावरचा एकसष्ट

त्याने मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरी. खरं सांगायचं तर चेहऱ्याच्या आधी माझी पोटरीच पाहिली त्याने.

१९८६ सालचा जुलै, रविवारची सकाळ, लिटल हेरन तलावाचा काठ. आमच्या मिनेसोटात तेव्हा ट्रायथलॉनचं नवंच खूळ आलं होतं. आधी अर्धा मैल पोहायचं, मग पंधरा मैल सायकल, मग तीन मैल धावायचं... आणि मध्ये कुठेही बसायचं नाही! मी रांगेत उभी होते. दात वाजत होते, थंडीने की भीतीने कोण जाणे. एक उंच, उन्हाने रापलेला माणूस जाड काळ्या मार्करने एकेकाच्या दंडावर नंबर लिहीत होता. माझ्या दंडावर त्याने सावकाश ६१ काढला. शाई गार होती... बोटं मात्र उबदार.

मग तो माझ्या मागे जाऊन गुडघ्यावर बसला.

"वय?"

"बाईमाणसाला वय विचारता?"

"नियम आहे. पोटरीवर लिहावं लागतं. मागून येणाऱ्याला कळायला हवं, पुढे कुठल्या वयाचं कोण आहे ते."

"माझ्या मागून कोणी येणारच नाहीये. एकोणतीस लिहा."

कागद चाळल्याचा आवाज आला. "अर्जात तर चौतीस आहे."

"मग विचारलंत कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं —" आणि मेल्याने चौतीस लिहिलं! तेही केवढ्या ठळक आकड्यांत!

पलीकडे माझी थोरली बहीण आर्डिस पिवळी टोपी घालून, थर्मास धरून उभी होती. घरात मला सगळे 'अर्धी मार्लिस' म्हणत. नर्सिंगचं शिक्षण अर्धं, विणायला घेतलेले स्वेटर अर्धे. एका बऱ्या मुलाशी ठरलेलं लग्नसुद्धा मी चर्चची तारीख ठरल्यावर मोडलेलं. मी या स्पर्धेत उतरतेय म्हटल्यावर आर्डिस एवढंच म्हणाली होती, "कॉफी घेऊन येते. लवकरच परत निघू आपण."

सबंध हिवाळा मी शाळेच्या पोहण्याच्या टाकीत सात-सात वर्षांच्या पोरांबरोबर हातपाय मारायला शिकले होते. मला पहिलं यायचं नव्हतं. एक गोष्ट — आयुष्यात फक्त एक — पूर्ण करायची होती.

शिट्टी वाजली.

टाकीचा तळ दिसतो. तलावाचा दिसत नव्हता. पाणी आधी हिरवं झालं, मग काळं. कुणाची तरी टाच नाकावर बसली आणि माझा श्वासच हरवला. हात मारतेय, पण छातीत हवा शिरतच नाही... तेवढ्यात समोर होडीचा काठ आला. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

वर पाहते तर वल्हं आडवं घेऊन तोच! छोट्या गावची स्पर्धा. एकेकाला दोन-दोन कामं.

"एकसष्ट नंबर," तो शांतपणे म्हणाला, "होडी धरणं नियमात बसतं. हवं तेवढं थांबा."

"मला... त्या वळणाच्या लाल पिंपापर्यंत... जरा न्या ना."

"ते नाही बसत. एक इंच जरी पुढे नेलं, तरी तुम्ही बाद."

"कुणी बघत नाहीये."

"मी बघतोय की."

त्याचे डोळे तलावाच्याच रंगाचे होते. असल्या वेळी हे दिसायचं काही कारण होतं का?

"वर घेऊ?" तो हळूच म्हणाला. "कोरडा टॉवेल आहे. पण वर आलात की संपलं."

काठावर पिवळी टोपी हलत होती. मी मान हलवली — नाही.

"काम काय करता तुम्ही?" त्याने विचारलं, जणू आम्ही बसची वाट बघत उभे होतो.

"शाळेत... स्वयंपाक. चारशे मुलांचा."

"वाढताना रांगेकडे बघता, की पुढच्या ताटाकडे?"

"ताटाकडे. रांगेकडे बघितलं तर रडूच येईल."

"मग तसेच हात मारा. एका वेळी एक ताट."

मला हसू फुटलं, आणि हसताना श्वास आपसूक आत गेला. मी एकेक बोट सोडलं.

"नाव काय तुमचं?"

"ओरिन. आडनाव शर्यत संपली की सांगेन."

त्या पाण्यात मी किती ताटं वाढली देव जाणे. होडी सबंध वेळ माझ्या डावीकडे होती, हातभर लांब.

पाण्यातून मी सगळ्यांत शेवटी निघाले. आर्डिसची जुनी सायकल मक्याच्या शेतांमधून अशी खडखडत गेली की गाई वळून बघायला लागल्या. भुरभुर पाऊस आला... गेला. मग धावणं. रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती, हसत होती, डोक्याकडे बोट दाखवत होती. मला वाटलं, अशीच सलामी देत असतील. मीही डोक्याला बोट लावून उलट सलामी देत राहिले!

शेवटचं वळण घेतलं आणि समोर पाहिलं. एक जण शिडीवर चढून शेवटच्या रेषेवरचा कापडी फलक सोडत होता. चर्चच्या बायका रुबार्बच्या आंबटगोड वड्या डब्यात भरत होत्या. म्हणजे संपलं. पुन्हा अर्धंच.

"ए, थांब! सोडू नकोस!" कुणीतरी ओरडलं. "माझी एकसष्ट नंबर यायचीय अजून!"

माझी...?

ओल्या बुटांनी पळत आलेल्या ओरिनने फलकाचं सुटलेलं टोक उंच धरलं. आणि दुसरं टोक? ते आर्डिसने हिसकावून घेतलं होतं!

"पळ, मार्लिस! आता थांबलीस तर याद राख!" चर्चमध्येही पुटपुटत गाणारी माझी बहीण किंचाळत होती.

मी पळाले. त्या फलकाखालून गेले तेव्हा माझे दोन्ही हात आभाळात होते. सगळ्यांत शेवटची. पण पूर्ण! अख्खी!

ओरिन जवळ आला. त्याने माझ्या हनुवटीखाली हात नेला... माझा श्वास पुन्हा अडकला. खट्‌कन पट्टा सुटला, आणि सायकलचं हेल्मेट माझ्या डोक्यावरून उतरलं.

"तीन मैल हे घालून धावलीस तू," तो म्हणाला.

"अगं बाई! कुणी सांगितलं का नाही मला?"

"सगळं गाव सांगत होतं!"

आम्ही दोघं हसत सुटलो.

"आडनाव?" मी विचारलं.

"लिंडाल." मग तो घुटमळला. पाण्यावर एवढा धीट माणूस, जमिनीवर मात्र कान लाल! "ही शाई आठवडाभर जात नाही. ती जायच्या आत... म्हणजे तुला चाललं तर... एकदा जेवायला येशील माझ्याबरोबर?"

"आणि त्याआधीच गेली तर?"

त्याने खिशातून मार्कर काढला आणि माझ्या दंडावरचा ६१ पुन्हा गिरवला.

स्वेटर माझे आजही अर्धेच आहेत. लग्न मात्र या सप्टेंबरात एकोणचाळीस वर्षांचं होईल. आणि परवाच्या रविवारी, तलावाच्या त्याच काठावर, तो माझ्या मागे गुडघ्यावर बसला. आता त्याला बसायलाही वेळ लागतो, उठायला तर माझा हातच लागतो.

"वय?"

"एकोणतीस," मी म्हटलं.

मेल्याने चौऱ्याहत्तर लिहिलं. तेही केवढ्या ठळक आकड्यांत!