भैयालालचा शेवटचा किल्ला

लोक जुनी नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मी जुने टीव्ही-गेम जमवते, तर आख्ख्या फुलचूरमध्ये चर्चा! लग्न झालेली बाई, शिकवणीच्या पोरांना गणित शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याच्या पोत्यात हात घालून कॅसेटी शोधते. नवरा कसा सहन करतो कोण जाणे. तर माझा नवरा अतुल मला मोटारसायकलवर मागे बसवून स्वतः घेऊन जातो, एवढं सांगून ठेवते. त्याने जन्मात कधी एक बटण दाबलेलं नाही. गोळी कुठून सुटते, माणूस कसा मरतो, त्याला काही ठाऊक नाही. हे लक्षात असू द्या. आणि दिवा थोडा मोठा करा, सांगताना मला अंधार आवडत नाही.

हे खूळ मला लागलं ते नव्व्याण्णवच्या दिवाळीत, तिरोड्याला मामाकडे. काळा डबा, त्यावर लाल झाकण, दोन रिमोट. मामाची पोरं एक नंबरचा रिमोट कोणाला देत नसत. मी कायमची दोन नंबर. सगळी सुट्टी मी गाड्यांच्या शर्यतीत जीव तोडून बटणं दाबली, आणि निघायच्या दिवशी कळलं, की माझ्या रिमोटची पिन डब्याला लावलेलीच नव्हती. माझी म्हणून दाखवलेली गाडी मशीनच चालवत होतं. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडले. आता माझ्याकडे कपाटभर डबे आहेत, सगळ्यांचे एक नंबरचे रिमोट माझे आहेत. पण तो, लाल झाकणाचा, कुठेच मिळत नव्हता.

दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर भंगारवाल्यानेच सांगितलं, दवनीवाड्याला एका बाईकडे तसला डबा आहे. पण बाई विक्षिप्त आहे. आधी खेळून दाखवा म्हणते, आणि खेळायला बसलेला माणूस डबा न घेताच पळून येतो.

मी म्हटलं, मी नाही पळत.

अतुलने मला तिच्या दारात उतरवलं आणि तो ओळखीच्या माणसाकडे नवा तांदूळ बघायला पुढे गेला. दुपार टळली होती. धानाची कापणी जोरात होती, त्यामुळे गाव रिकामं. कुत्रीसुद्धा शेतावर गेली असावीत. सपरीत, म्हणजे घरासमोरच्या पडवीत, सुमनबाई एकट्या बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या, एका डोळ्यावर पांढुरकी झाक.

"जय भीम, काकू. टीव्ही-गेम विकायचा आहे म्हणे?"

"इकाचा नाही. फुकट नेजो. पन पयले पुरा करून दे. येते का तुले खेळता?"

"येते."

"बाकीच्याइलेबी येत होतं. शेवटच्या किल्ल्यावर गेले अन् रिमोट फेकून पळाले."

"काऊन?"

"घरचा मानूस खेळून राहिला ना अजून," त्या म्हणाल्या. घरचा माणूस शेतावर गेलाय, अशा सुरात.

घरचा माणूस म्हणजे भैयालाल. मागच्या पावसाळ्यात शेतातून आला, जेवला, झोपला, उठला नाही. डबा त्याने पोरासाठी आणला होता. पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि म्हातारा स्वतःच रिमोट धरून बसला. दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल, संध्याकाळी डब्यासमोर. सुमनबाईंना दोन नंबर देऊन बाजूला बसवायचा.

"माह्या डोळ्यात मोतीबिंदू. मले का दिसते? अन् याचे जीव संपले का माह्यातले मागून घे. मागून मागून खेळला जिंदगीभर. त्या शेवटच्या किल्ल्याले दोघं लागतात म्हने. मी तिथपर्यंत कधी पोचलीच नाही. पुरा केल्याबिगर जात नाही म्हने. नाहीच गेला."

"काकू, आपल्यात भूतबित..."

"मी कुठं मानतो म्हनून राहिली?" त्यांचा आवाज चढला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याकडे त्यांनी हात केला. "शेजारची म्हनते, मांत्रिक आन. मी का येडी हाय? आपन भूत मानत नाही. पन हा मानूस ऐकून नाही राहिला त्याले मी का करू? लाइट आली का याचा डब्बा चालू. मले बातम्याबी पाहू देत नाही. मांत्रिक नाही पाहिजे मले. खेळनारा पाहिजे."

मला हसू आलं. वायरिंगमध्ये गडबड असणार, असं मी मनात पक्कं केलं आणि आत गेले.

आतली खोली अंधारी होती. टीव्हीवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना पोती लावलेली. नव्या धानाचा वास, भिंतींचा ओलसर वास, आणि त्यात मुरलेला बिडीचा. जमिनीवर गोधडी अंथरलेली होती. आणि समोर तो होता... काळा डबा, लाल झाकण. इतकी वर्षं शोधलेली वस्तू समोर आली, की माणसाला आनंद नाही होत आधी, रडू येतं. मी एक नंबरच्या रिमोटकडे हात नेला.

"तो नाही," सुमनबाई मागून म्हणाल्या. "तो त्याचा हाय. तू दोन नंबर."

डोक्यात तिडीक गेली. पुन्हा दोन नंबर! पण डबा पाहिजे होता. मी दोन नंबरचा रिमोट उचलला, त्याची पिन नीट बसवली, कॅसेटला फुंकर मारली, बटण दाबलं.

बंदुकवाल्यांचा खेळ होता. निळा शिपाई एक नंबरचा, लाल शिपाई दोन नंबरचा, म्हणजे मी. प्रत्येकाला मोजक्या लाइफ. आपल्या संपल्या, की बटण दाबून जोडीदाराची एक लाइफ मागून घेता येते. मागता येते, देता मात्र येत नाही. हे खेळ मला पाठ आहेत.

खेळ सुरू झाला आणि निळा शिपाई पळायला लागला.

मी सगळ्यात आधी काय केलं असेल? पिन बघितली. एक नंबरच्या रिमोटची पिन डब्याला लावलेलीच नव्हती. तिची वायर सुमनबाईंनी गुंडाळून मांडीवर ठेवली होती.

"तो गेला त्याच दिवशी मी काढली," त्या हळूच म्हणाल्या. "काई फरक नाही पडला."

माझ्या मानेवर काटा आला. उठावंसं वाटलं. पण निळा शिपाई पुढच्या खड्ड्याशी थांबला होता... माझ्यासाठी. मामाच्या पोरांनी कधी थांबून बघितलं नव्हतं हो! मी उडी मारली. तो निघाला.

म्हातारा चांगला खेळायचा. घाई नाही, बढाई नाही. वरचा शत्रू माझा, खालचा त्याचा, असं न बोलता ठरून गेलं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की माझ्या बटणांच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळतोय. टिक्... टिक् टिक्... माझ्या डाव्या हाताला, रिकाम्या गोधडीवरून. आणि बिडीचा वास आता भिंतीतून येत नव्हता. शेजारून येत होता. ताजा.

मी मान वळवली नाही. पडद्यावर नजर ठेवून विचारलं, "काकू... माझ्या बाजूला..."

"पाहू नको. समोर पाह्य."

शेवटचा किल्ला आला. वर एक तोफ, खाली एक तोफ, दोन्ही एकदम फोडल्या तरच दार उघडणार. निळ्याच्या लाइफ संपल्या. सवयीप्रमाणे त्याने माझी मागितली. माझ्या अंगठ्याखालचं बटण आपोआप थंडगार पडलं, आणि माझ्या आकड्यातून एक गेली. मग आणखी एक. दातांवर दात आपटत होते माझे, पण बोटं थांबली नाहीत.

"घेतला का त्यानं?" सुमनबाईंनी विचारलं.

"घेतला."

"सवयच हाय त्याची."

आम्ही दार फोडलं. आत शेवटचं मोठं यंत्र. त्याच्या मधोमध लाल दिवा, आणि चहूकडून गोळ्यांचा पाऊस. माझ्याकडे शेवटची लाइफ, त्याच्याकडेही शेवटची. मी दिव्याच्या अगदी जवळ गेले. एक गोळी चुकवली, दुसरी चुकवली, तिसरी नाही चुकली. माझा लाल शिपाई आडवा झाला आणि नाहीसा झाला.

संपलं. मी रिमोट खाली ठेवला. डबा गेला, म्हातारा तसाच अडकलेला राहिला, आणि मी तीच, न जोडलेल्या पिनेची पोरगी. डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारचं टिक्-टिक् बंद झालं. निळा शिपाई गोळ्यांच्या पावसात स्तब्ध उभा राहिला होता. हलेना. जणू कोणी रिमोट मांडीवर ठेवला असावा. मग कानाजवळ... अगदी कानाजवळ, एक लांब श्वास सुटला. निळा शिपाई विझला. आणि माझा लाल शिपाई उभा राहिला.

अशा खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो तेव्हा काही क्षण तो लुकलुकत असतो. दिसतो, नाही दिसत. तेवढ्या वेळात त्याला गोळी लागत नाही, सगळं अंगावरून पार जातं. मी रिमोट झडप घालून उचलला. गोळ्यांमधून सरळ चालत गेले. सरळ! दिव्यासमोर उभी राहून बटण दाबत राहिले, दाबत राहिले, तोंडाने ओरडत राहिले. दिवा फुटला. किल्ला कोसळला. खोली पांढऱ्या उजेडाने भरून गेली.

"झालं?" सुमनबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"झालं, काकू! पुरा झाला!" मी नाचत होते. खरंच नाचत होते, गोधडीवर, अनवाणी. "त्यांनी त्यांची शेवटची लाइफ मला दिली!"

पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "मले जिंदगीभर एक नाही देल्ला मेल्यानं! अन् तुले देल्ला!" त्यांनी खिडकीची पोती ओढून काढली. उजेड आत आला. बिडीचा वास नव्हता. त्यांनी माझ्या हातात डबा दिला, दोन्ही रिमोट दिले, आणि टीव्हीवर बातम्या लावल्या.

अतुल आला तेव्हा मी सपरीत डबा मांडीवर घेऊन राणीसारखी बसले होते.

"मिळाला?"

"जिंकला," मी म्हटलं.

परतताना दिवस मावळत होता. मी मागे बसून डबा छातीशी धरला होता आणि सगळा प्रसंग अतुलच्या कानात ओरडून सांगणार होते, पण म्हटलं, घरी गेल्यावर, चहा घेता घेता. वळणावर रस्त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सांडलं होतं. पुढून धानाचे भारे लादलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत होता. गाडी घसरली. अतुल एकीकडे फेकला गेला, मी दुसरीकडे. मला आठवतो तो फक्त तणसाचा वास आणि डब्याभोवतीचे माझे हात.

मी उठले. अंगावर ओरखडा नाही. डबा शाबूत. मी हसायलाच लागले; त्या दिवशी मला काहीही हरवू शकत नव्हतं. ट्रॅक्टरवाला हात जोडून रस्त्यात बसला होता. अतुल माझ्यासमोर उभा होता, कोपर फुटलेलं, चेहरा पांढराफटक.

"अरे, काही नाही झालं मला. बघ."

त्याने उजवा हात वर केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

"तू अशी... दिसून राहिली होती, नाही दिसून राहिली होती. दिसे, मंग नाही दिसे."

मी अजून त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"ट्रॉलीचं चाक तुझ्या अंगावरून जाऊन राहिलं होतं ना," तो म्हणाला, "तेवढा वेळ."