पान बंद केल्यावर

विश्वजितच्या पाठीवर नव्वद किलोचं यंत्र बसलं होतं. तालमीत या यंत्राला सगळे ‘जोड’ म्हणत. माणसाची जोड दमते, चिडते, कधी हात राखून खेळते. ही यातलं काहीच करत नसे. तिचे रबरी हात चालत होते ते मातीच्या हौदाबाहेर बसलेल्या रंगराव वस्तादांच्या फोनवर, ब्राउझरमध्ये उघडलेल्या एका पानावरून. विश्वजित हा वस्तादांचा थोरला मुलगा.

ते पान लिहिणारी केतकी गुळवणी कठड्यापाशी उभी होती. यंत्र सोडवायची रीत तिनं सोपी ठेवली होती: पान बंद करायचं. बंद होता होता पान यंत्राला शेवटचा निरोप धाडायचं, ‘सोड’. पैलवान ओरडला की सुटेल, अशीही सोय तिनं केली होती. वस्तादांनी ती काढायला लावली. “आमच्या मातीत कोण वरडत न्हाई,” ते म्हणाले होते. असल्या हट्टापुढे शहाण्या माणसानं मान डोलावू नये; केतकीनं डोलावली.

यंत्रानं विश्वजितचा उजवा हात मागून पिळला. पीळ वाढत गेला. त्यानं ओठ चावला, रक्त हनुवटीवर आलं, पण आवाज काढला नाही. मग खांद्यात काहीतरी मोडलं, ते कठड्यापर्यंत ऐकू आलं.

मातीत फोन न्यायचा नाही, हा तालमीचा नियम. वस्तादांनी बोटाच्या एका फटकाऱ्यानं पान उडवलं, फोन पायरीवर टाकला आणि हौदात उडी घेतली.

यंत्र सोडेना.

“सोड की! पान बंद केलंय म्या!”

केतकीनं फोन उचलला आणि काय झालं ते तिला कळलं. असं झटक्यात उडवलं की फोन सगळा ब्राउझरच मारून टाकतो. पानाला निरोप द्यायला क्षणभरही मिळत नाही. हे तिनं वाचलं होतं आणि पुढं बघू म्हणून सोडून दिलं होतं. तिनं घाईघाईनं नवं पान उघडलं. यंत्र त्याला दाद देईना. त्याच्या लेखी जुनं पान अजून जिवंत होतं आणि त्याचा हुकूम चालू होता: पीळ.

वस्तादांनी माती उकरायचं खोरं उचललं. पहिला घाव रबरावरून निसटून पोराच्याच बरगडीत बसला. दुसऱ्या घावाला यंत्राचं मनगट फाटलं. ते शिव्या देत, रडत घाव घालत राहिले. तेल आणि रक्त मातीत एक झालं. बॅटरी फुटली तेव्हा कुठं पकड सुटली. विश्वजितचा हात खांद्याला नुसता कातड्यानं लोंबत होता.

डॉक्टरांनी तो काढला.

दोन महिन्यांनी केतकी नवं यंत्र घेऊन आली. खरं तर तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

“आता शेवटच्या निरोपावर काहीच अवलंबून नाही, वस्ताद,” ती म्हणाली. “पान दर सेकंदाला यंत्राला सांगतं, ‘मी आहे’. तीन सेकंद ते ऐकू आलं नाही, की यंत्र आपणहून सोडतं. मग पान कसंही बंद करा, नाहीतर फोन फोडा.”

“आधी तुमचा हात घाला.”

हे ती गृहीत धरूनच आली होती. तिनं हात पुढे केला. वस्तादांनी पानावर बोट टेकवलं. यंत्रानं तिचा हात धरला, मागे नेला आणि पीळ दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता बंद करा.”

वस्तादांनी फोनकडे पाहिलं. पान उघडं होतं आणि सेकंदासेकंदाला ‘मी आहे’ म्हणत होतं. पीळ वाढला. केतकी गुडघ्यांवर आली.

“वस्ताद! बंद करा ना!”

“बाई,” त्यांनी शांतपणे विचारलं, “माझ्या पोराला किती वेळ धरलं हुतं?”