एलेनची वही

ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. वाद घालायची ताकद आता माझ्यात राहिली नाही.

मागचा मे महिना. अकोला. दुपारचे तीन.

मी वर्षाली, व्हायोलिनच्या शिकवण्या घेते. अमरावतीच्या एका संगीत विद्यालयात जागा निघाली होती. अर्जासोबत स्वतःची रचना वाजवून पाठवायची होती. अकरा वर्षं मी अशा नोकरीची वाट पाहत होते... आणि माझी म्हणावी अशी एकही रचना माझ्याजवळ नव्हती.

चर्चच्या जुन्या हॉलमध्ये इंग्रजांच्या काळचा पियानो आहे. माझी मैत्रीण नीलम तो वाजवते. त्याच्या बाकड्याच्या खणात आम्हाला हातानं लिहिलेली वही सापडली. व्हायोलिन आणि पियानोची रचना. वर बाईचं नाव... एलेन. साल १८७९.

अर्जावर रचनाकार म्हणून मी माझं नाव टाकलं.

"वर्षाली, त्या बाईचं नाव टाक," नीलम म्हणाली.

"मरून शंभर वर्षं झाली तिले. ते काय भांडाले येते?"

त्या काळासारखा सूर लागावा म्हणून व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याच्या, जुन्या पद्धतीच्या तारा चढवल्या होत्या. कूलरच्या ओलाव्यानं त्या बेसूर होतात, म्हणून कूलर बंद. हॉलची नुसती भट्टी झालेली. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि सुरू केलं.

जीव ओतून वाजवलं मी.

हॉल झाडणाऱ्या पार्बताबाई दारात बसून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बाई, तुमी कावून नुसता हात हालवून राहिल्या होत्या?"

मी हसले. "कमी ऐकू येते का हो तुमाले?"

"पियानो तर आला न ऐकू."

नीलम हसली नाही. "मलेबी नाई आला तुहा आवाज," ती हळूच म्हणाली.

रेकॉर्डिंग लावलं. पियानो स्वच्छ. माझी जागा आली की...

काहीच नाही. तारेवर गज घासल्याचा आवाजसुद्धा नाही.

तीनदा वाजवलं. तीनदा तेच. माझ्या कानाला मात्र मी दर वेळी ऐकू येत होते!

शेवटी नीलमनं माझं नाव खोडून एलेन लिहिलं. चौथ्यांदा वाजवलं...

व्हायोलिन ऐकू आलं.

तेच रेकॉर्डिंग एलेनच्या नावानं पाठवलं. नोकरी हातची गेली म्हणून घरी येऊन ढसाढसा रडले.

पण मुलाखतीचं बोलावणं आलं.

समोर तिघे बसले होते. "फार सुंदर रचना. ही एलेन कोण?"

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, देवाशपथ. आणि बोलून गेले, "मीच सर. टोपणनाव आहे."

"अरे वा! थोडं वाजवून दाखवा."

डोळे मिटून वाजवलं. कधी नव्हे इतकं छान लागलं. डोळे उघडले तर तिघेही माझ्याकडे बघत होते...

"करा ना सुरू, मॅडम," मधले सर म्हणाले.

याला आठ महिने झाले. दुसऱ्याच दिवशी विद्यालयाला पत्र पाठवून सगळं कबूल केलं. वही होती तिथं नेऊन ठेवली. माफी मागितली, काय काय नाही केलं! शिकवणीच्या मुलांना सांगते, माझा हात दुखतो, तुम्ही वाजवा.

काल नीलमला घरी बोलावलं. दार लावून नुसता सा वाजवला.

"आला का वं?"

तिनं माझा हात धरला आणि रडायला लागली.