कार्ड टेबलावर होतं

ही गोष्ट मला आधी काकांनी सांगितली. मग काकूनेही सांगितली, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. उभ्या संसारात एकदाही एकमत न झालेली ही दोघं इथे मात्र शब्दाला शब्द जुळतात. म्हणून मी ती खरी मानतो. तुम्हाला काय मानायचं ते माना.

रविवारची दुपार होती. खोलीत लख्ख ऊन होतं.

काकूचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेला. मागे राहिला तो त्याने स्वतः जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर. खेळताना मित्रांशी मारलेल्या गप्पा तो त्यात रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याचा आवाज आता तेवढाच उरला होता.

काकूला तो हवा होता.

पण कॉम्प्युटर लावला की स्क्रीनवर गुलाबी-हिरव्या रेघा यायच्या, आणि मग... अंधार.

ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग तो. शाळेतलं पोरही हे सांगेल. काकांना कोण सांगणार? ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा ओढून काढल्यापासून ते स्वतःला इंजिनिअर समजतात. त्यांच्या लेखी कॉम्प्युटरचे सगळे रोग व्हायरसने होतात आणि त्यावर औषध एकच, फॉरमॅट. म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायचं.

"आधी त्याचा आवाज काढून द्या," काकू म्हणाली. "मग काय घालायचा तो गोंधळ घाला."

"आवाज कसला? कचरा भरलाय नुसता. स्क्रू तरी धड पिळता यायचा का तुझ्या भावाला?"

मेलेल्या माणसाबद्दल असं बोलायला काका कधी कचरले नाहीत. पण पुसायचं तरी आधी स्क्रीन दिसायला हवी, एवढं त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. कार्डातून स्क्रीनला जाणारी केबल उपटली. कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि खोडरबराने त्याच्या कडेचे सोनेरी दात घासले. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे.

"बाकीचं जिवंत आहे का बघू," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

आतले पंखे घरघरले.

मग... घरघर थांबली.

पंखे फिरतच होते.

काकांना वाटलं, कानात दडे बसले. ते मुद्दाम खोकले. खोकला ऐकू आला.

आणि स्क्रीन उजळली...

एकही रेघ नाही. स्वच्छ चित्र. त्याचा नेहमीचा गेम.

कार्ड टेबलावर होतं. स्क्रीनच्या केबलचं मोकळं टोक काकांच्या मुठीत होतं.

खिळ्याला अडकवलेल्या हेडफोनमधून कुणीतरी हसलं. काकूने हसू ओळखलं.

"भावोजी," आवाज म्हणाला, "तुम्ही बाहेर बसा. तुमच्याने व्हायचं नाही ते."

काका आयुष्यात पहिल्यांदाच वाद न घालता उठले. काकूने आतून दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून माणूस आणला. नवं कार्ड बसवलं, तर पुन्हा रेघा. काढलं, तर चित्र स्वच्छ. त्या माणसाने आपली पिशवी भरली आणि चप्पल अर्धवट पायात सरकवून निघून गेला.

आता काकू रोज दुपारी त्या खोलीत बसते. आतून बोलणं ऐकू येतं. दोन आवाजांचं. मध्येच दोघं हसतात. कुणाला हसतात, ते काकांना पक्कं माहीत आहे. ते बाहेर टीव्ही मोठ्याने लावून बसतात.

मी काकूला म्हटलं, "रेकॉर्डिंग असेल गं."

तिने माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "रेकॉर्डिंग उत्तरं देतं का रे?"

गेल्या आठवड्यात काकांना राहवलं नाही. ती बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणतो?"

"तुमची चौकशी करत होता," काकू म्हणाली. "भावोजींना बाहेर बसून कंटाळा आला असेल, पाठव आत म्हणाला."

काल दुपारी काकांचा फोन आला. मागे टीव्हीचा आवाज नव्हता. मला त्यांची कधी दया येईल असं वाटलं नव्हतं.

"आज ती बाजारात गेलीये," ते कुजबुजले. "खोलीचं दार उघडं आहे... आणि तो मला हाका मारतोय."