प्रतिप्रेक्षकातला एक जण

पोळा सरला की पूर्व विदर्भातल्या वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात. पूर्वी नट निवडायला मालक, दिग्दर्शक आणि चहा एवढं पुरे व्हायचं. आता त्या बैठकीत आणखी एकाची भर पडली होती आणि त्याचं मत मालकापेक्षा जड होतं. त्याला प्रतिप्रेक्षक म्हणत.

प्रतिप्रेक्षक हा माणूस नव्हे, गर्दीचा अंदाज बांधणारं यंत्र. झाडीपट्टीतल्या गावोगावच्या मंडपांत कित्येक हंगाम प्रेक्षकांचं हसणं, खोकणं, हुंदके, शिट्ट्या आणि कंटाळून केलेली कुजबुज टिपून ठेवली होती. त्यावर ते शिकलं होतं. नव्या नाटकाची संहिता त्याला वाचायला द्यायची, रिकाम्या हॉलमध्ये नटाला उभं करायचं, की कर्ण्यांतून गर्दी ऐकू येई. नट फसला की ती चुळबुळे, रंगला की तिचा श्वास अडके. गर्दी खोटी, पण खऱ्या गर्दीइतकीच निर्दय. मालकांना आणखी काय हवं?

प्रफुल्ल कुथे या तरुण मालकाने धानाच्या जुन्या गोदामात हे यंत्र बसवलं होतं. त्या दुपारी तिथे अनसूयाबाई भानारकर उभ्या होत्या. एके काळी त्यांच्या नावावर गाव गोळा होई. आता दोन हंगाम त्यांना काम नव्हतं आणि त्याचं कारण साऱ्या वडशाला ठाऊक होतं. झाडीपट्टीत तालमी थोड्या, प्रयोग फार. पाठांतराच्या भानगडीत कोण पडतो! रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सांगे आणि नट ते उचले. अनसूयाबाईंना जन्मभर तुळशीराम मास्तरांनी वाक्यं पुरवली. मास्तर वारले, नव्या कंपन्यांनी ते खड्डे बुजवले आणि बाई उघड्या पडल्या.

"ताई, तुमचं नाव मोठं हाये," प्रफुल्ल म्हणाला, "पण खड्डा काही मी परत खोदत नाई. पाठ असंल तरच काम."

"बघू ना बाप्पा," बाई म्हणाल्या.

भूमिका आईची होती. घर सोडून गेलेला मुलगा परततो आणि आई त्याला दारातच अडवते. पहिली दोन वाक्यं बाईंनी अशी टाकली की गोदाम गप्प झालं. तिसऱ्याला त्या अडल्या. रात्रंदिवस घोकलेलं वाक्य, पण कुठे गेलं कुणास ठाऊक. गर्दी चुळबुळली. मागून कुणीतरी खोकलं.

मग पुढच्या रांगेतून दबका, जरा नाकातला आवाज आला. "तुझ्या नावाचं ताट मी वाढत राहिले, आणि वाढलेलं मीच खात राहिले."

बाईंनी ते वाक्य सवयीने उचललं. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा आवाज मास्तरांचा. पण नाटक सुरू होतं. त्या थांबत, आवाज येई, त्या बोलत. शेवटाकडे त्या खोट्या गर्दीत हुंदके उठले आणि प्रफुल्लने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या तन्वी सहारेने. यंत्र सांभाळायला ती नागपूरहून आली होती. तिने ध्वनिमुद्रणं उघडली आणि थोड्या वेळाने कपाळावर हात मारला.

"आपल्या लोकांनी मायक्रोफोन कुठे लावले होते, माहीत आहे? प्रॉम्प्टरच्या खड्ड्याच्या काठावर. तिथे कुणाचा पाय लागत नाही ना! त्यामुळे यंत्राला वाटतं, प्रेक्षकांतच एक जण असा आहे, जो या बाई थांबल्या की बोलतो. संहिता तर आपणच त्याला दिली. सकाळी दुसरे दोन नट अडखळले, त्यांना मात्र नुसती हुर्यो मिळाली. हा आवाज काढून टाकावा लागेल."

अनसूयाबाईंना रडू आलं, आणि चारचौघांत आलं म्हणून रागही आला. मास्तरांच्या माघारी त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"काढू नको पोरी," त्या म्हणाल्या. "मी पाठ करून येईन. अडलीच नाई, तं तो मधात कायले पडंल?"

प्रफुल्ल व्यवहारी माणूस. गावच्या मंडपात हे यंत्र नसणार, हे त्याला कळत होतं. "आठवड्यानं परत या. न अडता म्हटलं तं भूमिका तुमची. अडल्या तं मले माफ करा."

तो आठवडा बाईंनी भाजी निवडताना, आंघोळ करताना, बाजारात उभं राहून नुसतं घोकलं. शेजारणी म्हणू लागल्या, बाईला वेड लागलं. उतारवयात का होईना, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एक नाटक अख्खं पाठ झालं.

ठरल्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत, चाल संथ. ताटाचं वाक्य आलं आणि गेलं. पुढच्या रांगेतून कुणी बोललं नाही. प्रफुल्ल खुशीत मान डोलावत होता. गर्दीचा श्वास अडकला होता, आणि बाईंचं लक्ष पुढच्या रांगेकडे होतं.

शेवटचं वाक्य उरलं. बाई थांबल्या.

लगेच आवाज आला. मास्तरांनी वाक्य सांगितलं. बाईंनी ते उचललं नाही. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. मग, संहितेत नसलेलं, पण जुन्या मंडपांत शंभरदा म्हटलेलं त्यांचं बोलणं ऐकू आलं. "अनसूया, बोल ना."

"ताई, येते ना तुमाले?" प्रफुल्ल कळवळून म्हणाला. "मंग बोला ना!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या पुढे येऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर वाकल्या.

"येते मले ते, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी म्हटलं, तं मंग तुमी बोलाल का?"