पुलासमोरचं जेवण

मी तुळजापुरातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं झाली. मांजर आडवं गेलं तर मी मुद्दाम दोन पावलं पुढं टाकतो, आणि घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेतली की अंगणात जाऊन उभा राहतो. शामला, माझी बायको, म्हणते की माझ्यात शहाणपणापेक्षा हट्ट जास्त. तेव्हा मला ते पटत नव्हतं.

गेल्या डिसेंबरात आमच्या देवश्रीला टायफॉइड झाला. नऊ वर्षांची पोर. ताप उतरला, पण भूक गेली ती परत आलीच नाही. शामला हातात घास घेऊन तिच्यामागं घरभर फिरायची. वजन एकोणीस किलोवर आलं. फ्रॉकच्या गळ्यातून दिसणारी तिची हाडं बघवत नव्हती, आणि मला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं की ही पोर आपल्या हातून निसटते आहे. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, मोकळ्यावर नेऊन जेवू घाला. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोरांचा पूल बघायला निघालो.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. काठाची हौस तलावावर भागवायची. येडशी, वाशी मागं टाकून ईटच्या पुढं गेलं की टेकड्यांच्या मधोमध निजामाच्या काळातला एक तलाव लागतो. त्याच्या काठापासून मधल्या बेटापर्यंत अंबाडीच्या दोरांचा पूल आहे. दर दिवाळीनंतर त्याचे दोर नव्यानं वळतात. मध्यंतरी कुणीतरी त्याचे ड्रोनवरून फोटो काढले आणि लोक यायला लागले. आम्ही पोचलो तेव्हा मात्र चिटपाखरू नव्हतं. साडेबारा वाजले होते. पाणी हिरवट होतं आणि त्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

पुलाच्या तोंडाशी पाटी होती. तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा मधल्या टेकडीवरची चौदा घरं पाण्यानं वेढली गेली. त्यांच्यासाठी हा पूल बांधला. काम सव्वादोन महिने चाललं. मी पाटी दोनदा वाचली. त्या सव्वादोन महिन्यांत चौदा घरांनी काय खाल्लं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पाटीशेजारी एक म्हातारी मांडीवर अंबाडीचा वाख घेऊन दोर वळत बसली होती. गौराबाई तिचं नाव. पुलाची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच घराकडं. मी मास्तर आहे हे तिनं न सांगता ओळखलं, बहुधा माझ्या प्रश्नांवरून.

"जावा की, बघून या," ती म्हणाली. "लई मजबूत हाय. पर जेवनार असलात तर त्या बाभळीच्या पल्याड बसा, गुरुजी. पुलासमोर बसू नका."

"का हो मावशी?"

"आमी न्हाय बसत."

"पण काही कारण असेल ना?"

"समद्याचं कारन घिऊन काय करता?" ती म्हणाली आणि पुन्हा वळायला लागली.

आम्ही पूल ओलांडला. मनगटाएवढे जाड दोर, पायाखाली बांबू, ओल्या गोणपाटासारखा वास. चालताना पायाखालचा भाग वीतभर खाली जायचा आणि पुढं सरकलं की मागचा वर यायचा. मी देवश्रीला ते दाखवलं. म्हटलं, "वजन जिथं, खळगा तिथं." मला कुठंही फळा दिसतो.

बेटावर एका कडुलिंबाखेरीज काही नव्हतं. भिंतीसुद्धा उरल्या नव्हत्या. नुसत्या चुली होत्या, तीन-तीन दगडांच्या. देवश्रीनं मोजल्या, चौदा भरल्या. शेवटच्या चुलीच्या दगडावर तिनं हात ठेवला.

"बाबा, गरम आहे."

"उन्हानं," मी म्हणालो.

ती चूल लिंबाच्या दाट सावलीत होती, हे परत येताना पुलाच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं. मी कुणाला बोललो नाही.

बाभळीखाली काटे होते. काठावर, पुलाच्या बरोबर समोर, छान सपाट कातळ होता. शामला म्हणाली, "अहो, त्या सांगताहेत तर बसू की तिकडं." मी सतरंजी कातळावर अंथरली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आई मला लहानपणापासून ऐकवत आली होती. गौराबाईनं ते पाहिलं. तिनं वळणं थांबवलं.

शामलानं धपाटे काढले, दही काढलं, शेंगदाण्याची चटणी काढली. देवश्रीनं एक तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि चक्क तोंडात घातला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग तिनं मान वर केली, पुलाकडं बघितलं आणि हसून म्हणाली, "या जेवायला."

ही शामलाची शिकवण. जेवताना कुणी दिसलं की म्हणायचं, "या जेवायला." समोरचा म्हणतो, "चालू द्या," आणि आपल्या वाटेनं जातो. खरोखर येऊन कुणी बसत नाही. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

"कुणाला म्हणालीस गं?" शामलानं विचारलं.

"त्या काकूंना. तिकडच्या टोकाला उभ्या आहेत ना, त्यांना."

पुलावर कुणी नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुणी नव्हतं.

पण पलीकडच्या टोकाला पूल वीतभर खाली गेला होता.

वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. मी म्हणालो, "दोर सैल झाला असेल." माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

खळगा पुढं सरकला. थांबला. पुन्हा सरकला. माणूस जपून पावलं टाकतो तसा.

त्याच्या मागं दुसरा पडला.

मग तिसरा.

मी मुलांना एकवीस वर्षं भार शिकवत आलो आहे. दोरावर वजन आलं की काय होतं, ते मला कळतं. ते समोर होत होतं. बांबू करकरत होते. पूल अख्खा ताणला गेला, मधोमध पाण्याला टेकला, आणि पाण्यावर तरंग उठले.

 मी देवश्रीला जवळ ओढलं.

"वाढा!" गौराबाई ओरडली. "बोलावलंय तर वाढा आता! बघत काय बसलाव?"

शामला उठली. तिनं डब्यातले सगळे धपाटे पुलाच्या तोंडाशी दगडावर मांडले, दह्याचं भांडं ठेवलं. गौराबाईनं आपली फडक्यात बांधलेली भाकरी सोडली आणि चतकोर-चतकोर करून शेजारी ठेवली. मग दोघी मागं सरल्या आणि त्यांनी पाठ फिरवली. मी देवश्रीचे डोळे हातानं झाकले. स्वतःचे मिटले.

कसलाच आवाज आला नाही. चावण्याचासुद्धा नाही. फक्त चुलीच्या ओल्या धुराचा वास आमच्या अंगावरून गेला.

डोळे उघडले तेव्हा पूल सरळ झाला होता. दगडावर कण नव्हता. दह्याचं भांडं घासल्यासारखं लख्ख होतं.

आम्ही गाडीकडं पळालो. गौराबाई धापा टाकत मागं आली. खिडकीत वाकून ती मला म्हणाली, "गुरुजी, जेवून गेलेलं मानूस उलटं बोलावतंच. रीत हाय. पोरीला शिकवून ठिवा. न्हाय म्हनायला शिकवा."

त्या दिवशी मी कारण विचारलं नाही.

तुळजापूर येईपर्यंत मी देवश्रीकडून घोकून घेत होतो. "कुणी जेवायला बोलावलं तर काय म्हणायचं?"

"माझं झालंय. तुमचं चालू द्या."

"पुन्हा म्हण."

"माझं झालंय. तुमचं चालू द्या."

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी शामलानं तिला ताट वाढलं. तिनं ते हलकेच पुढं सरकवलं.

"माझं झालंय, आई."

"कुठं झालं?"

देवश्री खाली बघायला लागली. "त्यांनी बोलावलं. मी बाबांनी सांगितलं तसंच म्हणणार होते. पण मला भूक लागली होती."

दीड महिन्यात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

मी रजा टाकली. आठवडाभर तिच्याजवळून हललो नाही. ती घराबाहेर पडत नाही. दुपारी साडेबाराला खिडकीशी पाय दुमडून बसते, पाच-दहा मिनिटं समोर बघत राहते, मग उठते आणि हात धुते. तिला हाक मारली तर ऐकू जात नाही. खांदा धरून हलवलं तर जड लागते, एकोणीस किलोच्या पोरीपेक्षा कितीतरी जड. आमच्या घरातला एक घासही तिनं तेव्हापासून खाल्लेला नाही.

फेब्रुवारीअखेर तिचं वजन चोवीस किलो भरलं. गालावर रंग आला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "काय खायला घालता, ते इतर पालकांना पण सांगा." मी त्यांच्यासमोर रडलो. त्यांना वाटलं, आनंदानं.

मी परत तलावावर जाऊन आलो. गौराबाईनं मला लांबूनच ओळखलं. "खाल्लं तिनं?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. तिनं वाख खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. 

परवा देवश्री हात पुसत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

"ते विचारतात, आई-बाबा कधी येणार?"

मी ओरडलो. "नाही म्हणून सांग! आमचं झालंय म्हणून सांग!"

शामला ओरडली नाही. तिनं लेकीचे केस मागं सारले आणि विचारलं, "तिथं तुझ्याजवळ कोण बसतं गं?"

"कुणी नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या ठेवल्यात."

त्या रात्री शामला पडल्या पडल्या एकच म्हणाली, "अहो, एवढीशी पोर परक्यांच्या पंगतीत एकटी बसते." मी तिचा हात घट्ट धरला. असलं मनातही आणायचं नाही, असं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. ती तिन्ही वेळा तसं म्हणाली.

आज रविवार. साडेबाराला मी अंगणात गाडी पुसत होतो. आत आलो तेव्हा जेवण वाढून तयार होतं. भात, वरण, मेथीची भाजी. टेबलावर एकच ताट होतं, माझ्या जागेसमोर.

"तुझं?" मी विचारलं.

शामला बेसिनपाशी पाठमोरी उभी होती. ती सावकाश चूळ भरत होती.