सतरा आणि बत्तीस

डोळे मिटा बघू, आणि कल्पना करा. दुपारचे साडेबारा वाजलेत. डबे खाऊन झालेत, पंखे घरघरताहेत आणि वर्गातली चाळीस मुलं बाकावर हातांची उशी करून पडलीत. झोप येवो न येवो, डोळे मिटलेच पाहिजेत. आमच्या यूली गावच्या शाळेत तो नियमच. जागी असायची ती एकटी शिस्तप्रमुख — वानचेन, नंबर बत्तीस. हातात खडू घेऊन ती फळ्याजवळ उभी राही. ज्याचे डोळे उघडे, त्याचा नंबर फळ्यावर.

आणि रोज तिथे एकच नंबर असे. सतरा, म्हणजे मिंगहुई.

"रोज काय रे? जरा वेळ डोळे मिटता येत नाहीत?"

"मिटतो की. तू पाठ वळवलीस की मिटतो."

शिक्षा ठरलेली. शाळा सुटल्यावर व्हरांडा झाडायचा. आणि त्यावर देखरेख... अर्थात शिस्तप्रमुखाची.

आता उघडा डोळे. वीस वर्षं गेली. तीच शाळा, तोच वर्ग, रविवारची सकाळ, आणि जुन्या वर्गमित्रांचा मेळावा. वानचेनने फाटकाशी स्कूटर उभी केली. मागून तिची आठ वर्षांची मुलगी दोदो उतरली.

"आई, आजी म्हणाली, कुणी विचारलं तर आई बँकेत आहे म्हणून सांग. काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी बोलते."

म्हणाली खरी, पण काय बोलायचं ते तिचंही ठरलं नव्हतं. बँक तिने तीन वर्षांपूर्वी सोडली होती. नवराही त्याच सुमारास. आता ती गावच्या कचरागाडीवर काम करत होती. तिला स्वतःला लाज नव्हती. पण सगळ्यांसमोर खरं सांगितल्यावर दोदोचा चेहरा कसा होईल? तेवढी एकच भीती तिला होती.

मेळावा भरवणाऱ्या त्यांच्या वर्गमैत्रिणीने, श्युएफेनने, सगळं फार हौसेने मांडलं होतं. प्रत्येकाने नंबराप्रमाणे उठायचं आणि शाळेनंतरचं आयुष्य सांगायचं. फळ्यावर तिने सगळ्यांची माहिती आधीच लिहून ठेवली होती. '३२ — बँक अधिकारी.'

घर, गाडी, मुलं, परदेश... एकेक जण सांगत गेला. सतरा नंबर उठला.

"तैपेईत पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलांत राबलो. मार्चपासून इथे बाजारात माझं नाश्त्याचं दुकान आहे. लग्न — नाही."

"का रे?" कुणीतरी ओरडलं.

"माझा नंबर पुन्हा कुणी लिहूनच घेतला नाही!"

वर्ग हसला. वानचेनचे कान गरम झाले.

मग बत्तीस. ती जागेवरून बोललीच नाही. सरळ फळ्याकडे गेली, डस्टर उचललं आणि 'बँक अधिकारी' पुसून टाकलं.

"हे जुनं झालं. मी कचरागाडीवर आहे. भरतीला पंधरा किलोची वाळूची गोणी घेऊन धावावं लागतं. अकरा पुरुषांना मागे टाकून मी नोकरी मिळवली. नवऱ्यापासून वेगळी झाले. ही माझी मुलगी. कुणाला कीव करायची असेल, तर त्याने आधी ती गोणी उचलून दाखवावी."



"अगं, वर्गात पहिली येणारी तू..." श्युएफेन कुजबुजली, "निदान मुलीसाठी तरी असं चारचौघांत —"

"मुलीसाठीच सांगितलं."

"मी रोज संध्याकाळी भेटतो हिला," मिंगहुई मध्येच म्हणाला.

वानचेन गर्रकन वळली. "तू? कधी?"

"गाडीचं गाणं वाजलं की. तुझा मास्क, टोपी, हातमोजे... फक्त डोळे दिसतात. तेवढे पुरतात."

"म्हणजे तो हेल्मेट न काढता धावत येणारा... तो तू? एवढीशी पिशवी आणतोस! आत दोन अंड्यांची टरफलं!"

"दुकानाचा कचरा सकाळीच जातो. ती टरफलं मी मुद्दाम वेगळी ठेवतो."

"मग बोलला का नाहीस?"

"गाडी थांबते किती? आणि माझं बोलणं वीस वर्षांचं." त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. "सगळा वर्ग झोपलेला आणि तू एकटी जागी... तुझ्याकडे बघायला मला दुसरी वेळ कुठली होती?"

वानचेनने हनुवटी वर केली. आता लपवायचंच कशाला?

"तुझ्यामागच्या बाकावरचा रोज गोष्टीचं पुस्तक वाचायचा. त्याचा नंबर मी एकदाही लिहिला नाही."

"का?"

"व्हरांडा झाडायला एक जण पुरे होता."

वर्गाने असा गलका केला, की बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले. तेवढ्यात शाळेची घंटा आपोआप वाजली. साडेबारा! "झोपा!" कुणीतरी ओरडलं, आणि टक्कल पडलेली, केस रंगवलेली सगळी डोकी हसत हसत बाकांवर टेकली. श्युएफेनने उठून दोदोच्या हातात खडू दिला. "आजची शिस्तप्रमुख तू," ती हलकेच म्हणाली आणि स्वतःही डोळे मिटून पडली.

दोदोने वर्गभर नजर फिरवली. दोन माणसांनी डोकी टेकली होती, पण त्यांचे डोळे टक्क उघडे — एकमेकांकडे लागलेले.

"आई, डोळे मीट."

"नाही मिटत, जा!"

दोदोने फळ्यावर '१७' लिहिलं. खाली '३२' लिहिलं. मग कोपऱ्यात, जिथे शिस्तप्रमुखाचं नाव लिहायचं असतं, तिथे ती थबकली. तिने वळून आईकडे पाहिलं. 

दोदो टाचा उंचावून मोठ्या अक्षरांत लिहू लागली: 'दोदो. कचरागाडीवरच्या वानचेनची मुलगी.'

मग तिने हात झटकले, दाराआडचे दोन झाडू ओढत आणले आणि एक आईच्या, एक मिंगहुईच्या हातात दिला.